वाळूवरची साय

कलिपाला घाण खपत नसे. अंगणात जर्दाळूचं एक वाळकं पान पडलेलं दिसलं तरी ते उचलल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. गावच्या दवाखान्यात बावीस वर्षं तिनं फरशा पुसल्या, बादल्यांत क्लोरीन कालवलं, आजाऱ्यांच्या चादरी उकळल्या. नोकरी सुटली, पण हात सुटला नाही. डोंगरातल्या त्या ताल-बुलाक गावातल्या बाया म्हणायच्या, कलिपाच्या उंबऱ्यावर खुशाल कणीक मळावी. म्हणायच्या कौतुकानं, पण तिच्या घरी चहाला जायचं झालं की आधी स्वतःचे मोजे उलटेपालटे करून बघायच्या.

अशा बाईच्या अंगणात एप्रिल महिन्यात शहरातल्या विद्यापीठातली दोन पोरं येऊन उभी राहिली. दोघं शिकाऊ इंजिनियर. पोरगी बेगाइम, बुटकी, ठसठशीत, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं सरळ बघणारी. आणि पोरगा मिरलान, बांबूसारखा उंच, दारातनं आत येताना दर वेळी कपाळ आपटून घेणारा.

"आपा," बेगाइम म्हणाली, "तुमच्या अंगणात एक टाकी बांधायची म्हणतोय. पाटाचं पाणी वाळूतनं गाळून प्यायजोगं करायचं. वीज नको, यंत्र नको. अकरा घरांना पुरेल."

"माझ्याच अंगणात का गं? गाव ओस पडलंय का?"

"पाट तुमच्या भिंतीला लागून जातो. आणि गावात विचारलं तर सगळे म्हणाले, नीट राखायची असेल तर कलिपाकडंच द्या."

हे ऐकून कलिपा मनात सुखावली. पण ती हो म्हणाली ते त्यासाठी नाही. ती हो म्हणाली बुरुलसाठी.

बुरुल तिची सून. मुलगा तेमिर तीन वर्षांपासून रशियात बांधकामावर होता, वर्षातनं एकदा यायचा. घरात दोघीच. मागच्या वर्षी जर्दाळूच्या हंगामात बुरुलला कावीळ झाली आणि सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. डॉक्टर म्हणाला, पाण्यातनं झालं. गावाला एकच पाणी, पाटाचं. घरी उकळून प्यायचे सगळे, पण बागेत उन्हाच्या तडाख्यात शेकोटी पेटवून पाणी उकळत कोण बसतं? आता बुरुल पुन्हा पोटुशी होती, चौथा महिना. तिची आई दर आठवड्याला फोन करायची. इकडं शहरात ये, इथं नळाचं पाणी आहे. बुरुल सासूला उलटून बोलणाऱ्यातली नव्हती. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावंसुद्धा तिनं कधी तोंडानं घेतली नव्हती. पण एकदा पीठ मळता मळता, मान वर न करता ती म्हणाली, "पाणी चांगलं झालं तर राहीन मी, आपा. नाही झालं तर आईकडं जाईन."

एवढंच. पण कलिपाला कळलं होतं. शहरात गेलेली सून बाळंत होऊन परत येते, असं गेल्या दहा वर्षांत या गावात झालेलं नव्हतं. सून जाणार, नातवंड जाणार, मग मुलगाही सुटीला तिकडंच जाणार. मग आपण आणि ही चकचकीत फरशी.

"बांधा," ती म्हणाली. "पण चिखल केलात तर तुम्हालाच पुसायला लावीन."

चिखल व्हायचा तो झालाच. नदीवरनं गाढवगाडीनं वाळू आणली, खडी आणली. खडी तीन मापांची, वाळू एकाच मापाची हवी होती. मिरलाननं शहरातनं आणलेली चाळणी दुसऱ्याच दिवशी फाटली, तेव्हा कलिपानं नाक मुरडत स्वतःची पिठाची चाळणी बाहेर काढली. "लग्नातली आहे. भोक पडलं तर तुझ्या लग्नात मी येऊन रडेन." मिरलान म्हणाला, "आपा, तुम्ही रडायला आलात तरी चालेल, आधी लग्नाला पोरगी तर मिळू दे." बेगाइम हसली नाही. ती घमेल्यातली वाळू हातानं ढवळत होती, वरचं गढूळ पाणी ओतत होती, पुन्हा ढवळत होती.

वाळू धुणं हे काम कलिपाच्या हाताचं होतं. पहिला दिवस तिनं लांबून बघण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. "हे काय धुणं झालं? पाहुण्याला हात धुवायला देतात तसं पाणी शिंपडताय." पदर खोचावा तशी तिनं स्कर्टची टोकं कमरेत खोवली आणि बसली. पाटाचं पाणी बर्फाचं, डोंगरावरनं वितळून आलेलं. बोटं बधिर व्हायची. बुरुलला जड उचलायचं नव्हतं, म्हणून ती चौथऱ्यावर बसून खडीतली माती वेचायची. चार जणांनी अकरा दिवस वाळू धुतली. काचेच्या बरणीत वाळू नि पाणी घालून बेगाइम हलवायची आणि चार आकडे मोजायची. चौथ्या आकड्याला वाळूचा वरचा काठ दिसला तर पास, नाही तर घमेलं परत. कलिपाचं घमेलं एकदाही परत आलं नाही.

"आपा, तुम्ही विद्यापीठात असायला हव्या होत्या," मिरलान म्हणाला.

"आले असते की. तुझ्यासारख्यांचे बूट पुसायला."

मेच्या पहिल्या आठवड्यात सिमेंटची गोल टाकी उभी राहिली, छातीएवढी उंच. तळाला खडी, वर हातभर जाडीची धुतलेली वाळू, वाळूवर नेहमी चार बोटं पाणी. गढूळ पाणी आधी पिंपात निवळायचं, मग एका भोकाभोकाच्या पत्र्यावरनं अलगद टाकीत उतरायचं. खालच्या तोटीतनं स्वच्छ पाणी पडायचं. पहिल्या दिवशीच ते इतकं नितळ पडलं की शेजारच्या तुर्दुखाननं भांडं भरून तोंडाला लावलं. बेगाइमनं धावत जाऊन तिच्या हातातनं भांडं ओढलं.

"अजून नाही! नुसतं दिसायला स्वच्छ आहे. रोग अजून त्यातच आहे."

"मग एवढी खटपट कशाला केलीत?"

तेव्हा बेगाइमनं सगळ्यांना चौथऱ्यावर बसवून समजावलं. "वाळू रोग मारत नाही. वाळू नुसतं घर आहे. पाण्यातलेच बारीक जीव या वाळूवर हळूहळू वस्ती करतात आणि त्यांचा एक पातळ थर होतो. दुधावर साय धरते ना, तशी वाळूवर साय धरते. रोगाचे किडे ती साय खाते. ती धरायला चार आठवडे लागतात. तोवर पाणी उकळूनच प्यायचं. चार आठवड्यांनी तालुक्याचा माणूस बाटल्यांत पाणी भरून नेईल, तपासेल. पास झालं की मग सरळ तोटीतनं प्या."

"म्हणजे किड्यांकरवी किडे मारायचे," कलिपा म्हणाली.

"तसंच म्हणा. म्हणून सायीला हात लावायचा नाही. घासायचं नाही, आणि क्लोरीनचा तर वासही नको."

कलिपानं मान हलवली. टाकीच्या लाकडी झाकणाला कुलूप होतं. त्याची किल्ली बेगाइमनं तिच्या हातात ठेवली. कलिपानं ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. गावाचा कारभार बघणारा अब्दिसातार तिथंच उभा होता. तो म्हणाला, "ही पास झाली तर पंचायतीकडं सिमेंट पडलंय, आणखी तीन टाक्या बांधू. नापास झाली तर सिमेंट शाळेच्या कुंपणाला जाईल. मला दोन्ही चालतंय." माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही बाजूला न झुकायची त्याला सवय होती.

पोरं शहरात परत गेली, आठवड्यातनं एकदा येत राहिली. कलिपा रोज सकाळी पिंप भरायची, झाकण उघडून बघायची. दहाव्या दिवशी वाळूवर करडी झाक आली. विसाव्या दिवशी ती हिरवट झाली. पंचविसाव्या दिवशी तिथं एक बुळबुळीत, मळकट, तपकिरी-हिरवं कातडं पसरलं होतं. त्याला कुजक्या पानासारखा वास येत होता. कलिपाच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या मागं ती ब्रश घेऊन लागली होती, तीच तिच्या अंगणात, तिच्या कुलपात, तिच्या राखणीखाली वाढत होती.

"साय म्हणे," ती पुटपुटली. "मोरीतलं शेवाळ आहे हे."

पण हात लावला नाही. हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पंचवीस दिवस तिनं स्वतःला आवरलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी तुर्दुखान आली. "बघू तरी काय राखतेस," म्हणाली. कलिपानं झाकण उघडलं. तुर्दुखाननं आत डोकावलं आणि ओढणीचं टोक नाकाला लावलं.

"अगं बाई! उद्या याच्यात वाकून बघणार तालुक्याचा माणूस? तुझ्या घरात? कलिपा, तुझ्या घरात?"

दोनदा विचारलं मेलीनं. ती गेली, पण ते "तुझ्या घरात" अंगणात तसंच राहिलं. पाहुणा यायचा म्हणजे सुनेनं पहाटे उठून अंगण झाडायचं, चटया झटकायच्या, चहाची भांडी राखेनं घासायची. ही रीत कलिपा सासूकडनं शिकली आणि सासूपेक्षा चार पावलं पुढं गेली. पाहुण्यासमोर घाण ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता बुरुल गाईच्या गोठ्यात होती. कलिपा टाकीपाशी उभी राहिली. तिनं नीट विचार केला, असं तिला तरी वाटलं. साय धरायची होती, ती धरली. चार आठवडे झाले, तिचं काम झालं. दुधावरची साय काढली म्हणून खालचं दूध काय नासतं? उलट साय काढूनच दूध पाहुण्यासमोर ठेवतात. खालची वाळू तर आपल्या हातानं धुतलेली आहे, एकही घमेलं परत न आलेली. पोरं शिकलेली, पण घर कुठं चालवतात? आणि डॉक्टर बावीस वर्षं काय सांगत होते? क्लोरीन, कलिपा, क्लोरीन.

तिनं बाह्या सरसावल्या. पत्रा बाजूला केला. सपाट उलथन्यानं ते कातडं काठापासून काठापर्यंत खरवडून घमेल्यात घेतलं, भिंतीमागं खड्ड्यात पुरलं. वाळूवर क्लोरीनचं पाणी फिरवलं. मग वास जाईपर्यंत बादल्यांवर बादल्या ओतून ते सगळं तोटीतनं वाहू दिलं. एकवीस बादल्या. उचलून ओतताना तिची कंबर भरून आली. शेवटी वाळू अशी निघाली, जशी पहिल्या दिवशी होती, सोनेरी, लख्ख. कलिपाचा जीव भांड्यात पडला. झाकण लावून तिनं कुलूप घातलं आणि रोट्या भाजायला तंदूर पेटवला.

तालुक्याचा माणूस दहाला आला. बर्फाची पेटी, बाटल्या, हातमोजे. बेगाइम आणि मिरलान त्याच्याच गाडीतनं आले होते. वाटेत टायर पंक्चर झाल्यानं सगळे घाईत होते. त्यानं तोटीखाली बाटली भरली, झाकण उघडून वर एकदा नजर टाकली. "स्वच्छ आहे," म्हणाला. कलिपाला दवाखान्यातल्या बावीस वर्षांत कुणी एवढ्या सरळ शब्दांत हे म्हटलं नव्हतं. बेगाइम तेव्हा पिंपाजवळ वाकून नळ तपासत होती. तिनं टाकीत पाहिलं नाही. परीक्षेची तारीख होती म्हणून पोरं चहा घेऊन त्याच गाडीनं परत गेली.

दोन दिवसांनी, बुधवारी, निकाल यायचा होता. कलिपानं सकाळीच मोठी कढई चुलीवर चढवली. मटण, गाजरं, लाल तांदूळ, वर लसणाच्या अख्ख्या गड्ड्या. पुलावाचा वास पाटापलीकडं गेला. अकरा घरांतली माणसं जमली, अब्दिसातार आला, पोरं आली. सगळ्यात शेवटी तालुक्याचा माणूस आला. त्याच्या हातात कागद होता आणि तो बसायच्या आधीच तोंड आवळून उभा राहिला.

"नापास," तो म्हणाला. "पाटातलं पाणी आणि हे पाणी, जवळजवळ एकच."

कढईचं झाकण वाफेनं थडथडत होतं. कलिपानं बुरुलकडं पाहिलं. बुरुल पोटावर हात ठेवून उभी होती. ती वळली आणि घरात गेली.

"असं कसं होईल?" बेगाइम पुढं आली. "किल्ली द्या, आपा."

कलिपानं गळ्यातली किल्ली काढून दिली. झाकण उघडलं. बेगाइम आत बघत राहिली. वाळू लख्ख होती, नव्या नवरीच्या खोलीसारखी. मग तिनं मान वर केली आणि कलिपाच्या हातांकडं पाहिलं. क्लोरीननं बोटांची टोकं पांढरी पडली होती, नखांशी सालं निघाली होती. कलिपाला ते आत्ता दिसलं. तिनं हात एप्रनखाली घेतले.

आणि तेव्हाच, त्या पोरीच्या नजरेत, तिला सगळं उमगलं. काय केलं ते, आणि कशामुळं झालं ते.

बेगाइमनं हळूच झाकण लावलं.

"काय झालं?" अब्दिसातारनं विचारलं.

"माझी चूक झाली," बेगाइम म्हणाली. "साय नीट धरली नाही. माझा अंदाज चुकला."

मिरलाननं तोंड उघडलं. बेगाइमनं त्याच्या पायावर पाय दाबला. त्यानं तोंड मिटलं.

"अंदाज चुकला!" अब्दिसातारला आता झुकायला बाजू मिळाली होती. "पोरी, अकरा घरांची माणसं महिनाभर तुझ्या वाळूकडं डोळे लावून बसलीत. या घरात एक बाई पोटुशी आहे, ते माहीत आहे तुला? शिकायचं असेल तर शहरात शिका. आमच्या जिवावर कसले प्रयोग करता? सिमेंट उद्या शाळेवर जाईल."

"चुकलं, आके," ती म्हणाली. मान खाली. तिचे कान लाल झाले होते. वडीलधाऱ्या बाईला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, एवढ्यासाठी ती बावीस वर्षांची पोरगी आपलं शिक्षण मातीत घालत उभी होती.

बोल, कलिपाचं मन म्हणत होतं. पण तिनं हात एप्रनखालनं काढले नाहीत. आपण हिला कळलोय आणि ही आपल्याला झाकतेय, ही लाज तिला त्या नापासाच्या कागदापेक्षा जास्त जड झाली. घरातनं बुरुलचा आवाज आला. ती फोनवर आईशी बोलत होती. "शुक्रवारी या. हो. सामान बांधते."

पण अन्न शिजलं होतं आणि पाहुणे दारात होते. निकाल काहीही लागो, पाहुण्याला उपाशी पाठवता येत नाही. माणसं चौथऱ्यावर बसली, कुणी कुणाकडं न बघता. जेवणाआधी सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं असतं, आणि ते घरातल्या सगळ्यात लहानानं घालायचं. बुरुल आत होती. तेव्हा बेगाइमच उठली. तिनं पितळी झारी उचलली, खांद्यावर टॉवेल टाकला, घंगाळ घेऊन अब्दिसातारसमोर वाकली. त्यानं तिच्याकडं न बघता हात पुढं केले आणि तिनं त्यावर पाणी घातलं.

कलिपाला ते बघवेना. ती उठली, चार पावलांत पोचली आणि बेगाइमच्या हातातनं झारी काढून घेतली.

"बस तिथं."

"आपा, असू द्या…"

"बस म्हणते ना. हात पुढं कर."

चौथऱ्यावरची सगळी तोंडं वर झाली. साठीची बाई, कालच्या पोरीच्या हातावर पाणी घालायला वाकली होती. बेगाइमनं हात मागं घेतले. कलिपानं तिचं मनगट धरून ओढलं आणि त्या वाळूनं खरबरीत झालेल्या हातांवर धार धरली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

"साय धरली होती," ती म्हणाली. आवाज दवाखान्यातल्यासारखा मोठा निघाला, कारण हळू बोलायला गेली असती तर रडली असती. "चांगली जाड धरली होती. मी काढली. सोमवारी सकाळी, याच हातांनी. उलथन्यानं खरवडली आणि वर क्लोरीन ओतलं. पाहुण्यासमोर घाण नको म्हणून. हिनं काही केलं नाही. हिनं तर हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. अब्दिसातार, जे काय बोललास ते मला बोल."

तुर्दुखानच्या तोंडातनं "अगं बाई" निघालं आणि तिनं स्वतःच तोंडावर हात दाबला. पहिला हसला तो तालुक्याचा माणूस. "तरीच! मी म्हटलं, एवढी चकचकीत वाळू आयुष्यात पाहिली नाही. लिहायला हवं होतं मी, स्वच्छ आहे म्हणून नापास." मिरलाननं मान खाली घालून खांदे हलवले. हसत होता की रडत होता, कळलं नाही.

अब्दिसातारनं ओले हात तसेच मांडीवर धरले होते. हातावरचं पाणी झटकायचं नसतं, आणि टॉवेल बेगाइमच्या खांद्यावर. "किती दिवस लागतील पुन्हा धरायला?" त्यानं बेगाइमला विचारलं, आणि या वेळी तिच्याकडं बघून.

"चार आठवडे, आके."

"चार आठवडे सिमेंट कुठं पळून जात नाही." तो घुटमळला. "मघाशी जास्त बोललो, पोरी. टॉवेल दे."

जेवण झालं. पुलाव सगळ्यांनी खाल्ला, दुसऱ्यांदाही घेतला. कलिपा नुसती वाढत राहिली. माणसं गेल्यावर ती घरात गेली. दारापाशी बुरुलचं गाठोडं तयार होतं. पेटीवर रचलेल्या गोधड्यांच्या उंच थप्पीतल्या दोन गोधड्या काढून तिनं त्यांत कपडे बांधले होते. बुरुल भिंतीला टेकून बसली होती.

"सगळं ऐकलंस?"

"ऐकलं."

कलिपा तिच्यासमोर खाली बसली. गुडघे कुरकुरले. "गेल्या वर्षी बागेत," ती म्हणाली, "तू पाणी नको म्हणत होतीस. मीच वाडगा भरून दिला. म्हटलं, आम्ही जन्मभर हेच प्यायलो, आम्हाला काय झालं? याच हातांनी दिला. वर्षभर बोलले नाही मी. तेव्हाही माझाच हात होता, बाई."

बुरुलनं आपल्या बोटांकडं पाहिलं.

"माहीत आहे, आपा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

कलिपाला मग रडू आवरलं नाही. हुंदके देऊन रडली. बुरुलनं तिला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही. रडणं ओसरल्यावर तिनं हात पुढं केला, तळवा वर करून.

"किल्ली द्या."

लग्न होऊन आल्यापासून या सुनेनं सासूकडं काही मागितलेलं नव्हतं. कलिपानं दोरा गळ्यातनं काढला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. बुरुलनं तो स्वतःच्या गळ्यात घातला, कुडत्याच्या आत. मग आईला फोन लावला. "शुक्रवारी नको. चार आठवड्यांनी बघू." गाठोडं मात्र तिनं सोडलं नाही. ते दारापाशीच राहिलं.

चार आठवडे कलिपा त्या गाठोड्याला वळसा घालून ये-जा करत होती. त्याच्याभोवतीनं झाडायची, त्याच्यावरची धूळ पुसायची, पण हलवायची नाही. जर्दाळू पिकले. छपरावर चटया पसरून फोडी वाळत घातल्या. सकाळी पहिलं काम पाणी उकळायचं. पहाटे चार घागरी उकळून, निववून, बागेत न्यायच्या. जळण भराभर संपत होतं. कलिपा ओझी वाहायची आणि तोंडातनं चकार शब्द काढायची नाही. तुर्दुखान बागेच्या कुंपणावरनं विचारायची, "कलिपा, टाकी घासलीस का गं आज?" कलिपा म्हणायची, "टाकी नाही, आता तुझी जीभ घासणार आहे."

झाकण बुरुल उघडायची. कलिपा शेजारी उभी राहून बघायची, हात काखेत दाबून. करडी झाक आली, मग हिरवट. बेगाइम आठवड्यातनं दोनदा यायची, तासभर टाकीपाशी बसायची. एकदा कलिपानं तिला विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?" बेगाइम म्हणाली, "माझी आई बसगाड्या धुते, आपा. तिचे हात असेच आहेत." कलिपानं तिच्यापुढं जर्दाळूंचं ताट सरकवलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात साय पुरती धरली. जाड, मळकी, कुजक्या वासाची. कलिपाची बोटं शिवशिवली. "झाक ते लवकर," ती बुरुलला म्हणाली, "मला बघवत नाही आणि सोडवतही नाही." बुरुल हसली. बाळ गेल्यानंतर या घरात ती पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

तालुक्याचा माणूस बाटल्या भरून घेऊन गेला. या वेळी कलिपानं फक्त चहा केला. कढई चढवायची तिची छाती झाली नाही. दोन दिवसांनी ती छपरावर जर्दाळू उलटत होती, तेव्हा खालनं मिरलानचा आरडाओरडा ऐकू आला आणि पाठोपाठ दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ आपटल्याचा आवाज. तो नाचत होता म्हणजे पास. कलिपा शिडी उतरली. शेवटची पायरी तिनं बसून उतरली.

अंगणात बुरुल तोटीखाली वाडगा धरून उभी होती. वाडगा भरला. तिनं तो आधी सासूला दिला नाही. स्वतः प्यायली, सावकाश, डोळे मिटून, तळापर्यंत. मग दुसरा भरून कलिपाला दिला. पाणी गार होतं. त्याला कसलीच चव नव्हती. कलिपाला वाटलं, एवढ्यासाठी एवढं सगळं. आणि मग वाटलं, हो, एवढ्यासाठीच.

ती घरात गेली तेव्हा दारापाशी नेहमीसारखा वळसा घ्यायला वळली आणि थबकली. जागा रिकामी होती. फरशीवर गाठोड्याच्या आकाराचा एक फिकट डाग तेवढा उरला होता. तिनं वर पाहिलं. पेटीवरच्या थप्पीत दोन्ही गोधड्या परत जागच्या जागी होत्या, घड्या नीट, काठाला काठ लावून.

मागं बुरुल येऊन उभी राहिली. तिनं गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली कलिपापुढं धरली.

"घ्या आपा. तुमचंच काम आहे ते."

कलिपानं किल्लीकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं. बोटांची सालं आता भरून आली होती. तिनं सुनेची मूठ किल्लीवर मिटवली आणि तशीच तिच्या पोटाशी नेऊन ठेवली.

"राहू दे तुझ्याकडंच," ती म्हणाली. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही."

मग तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला, पण फरशीवरचा तो डाग त्या दिवशी तिनं पुसला नाही. बाहेर जाऊन ती अंगण झाडायला लागली. टाकीभोवतीची वीतभर जागा मात्र धूळ उडायला नको म्हणून सोडून दिली.